हॉलिवूडच्या बाईंचा तिरका दात

“वैशाली, दात परत पाठवतेय,” डॉक्टर रीमा फोनवर म्हणाल्या. मंगळवार होता, सकाळचे अकरा वाजले होते. “पेशंटला नको आहे.”

“रंगाची शेड चुकली का?”

“तेवढंच असतं तर बरं होतं. आरशात बघून त्या म्हणाल्या, फार सुंदर आहे. मग मला विचारलं, पण हा आहे कुणाचा?”

मी दुबईत वीस वर्षं डेंटल सिरॅमिस्ट आहे. डॉक्टर दातावर जी पोर्सिलेनची कॅप बसवतात, ती घडवणारी बाई म्हणजे मी. डॉक्टर माप पाठवतात, मी पावडर आणि ब्रश घेऊन दात तयार करते. ‘दात कोरून पोट भरत नाही’ असं माझे सासरे म्हणायचे. दर सुट्टीत ठाण्याला गेले की मी त्यांना सांगायचे, बाबा, माझं भरतंय. पेशंट आम्हाला कधी दिसत नाही आणि आम्ही पेशंटला दिसत नाही. आमचं टेबल मागच्या खोलीत.

काम परत आलं की त्याला आम्ही रीमेक म्हणतो. माझे रीमेक वर्षाला दोन, फार तर तीन. त्याचा मला माज होता, हे आधीच कबूल करते. आणि आता रीमेक आला तो थेट हॉलिवूडच्या नटीचा.

नाव सांगणार नाही, तशी सही केली आहे. बाईंचं वय सत्तर. वाळवंटात त्यांच्या सिनेमाचं शूटिंग चालू होतं. बऱ्याच वर्षांनी मुख्य भूमिका मिळाली होती. हॉटेलात कुणीतरी प्रेमाने खजूर दिला, बाईंनी तो बीसकट चावला आणि वरचा, पुढचा, डावा दात अर्धा तुटला. डॉक्टर रीमांनी उरलेला दात घासून त्याचा खुंट केला आणि कॅप येईपर्यंत वर प्लास्टिकची तात्पुरती टोपी घातली. गुरुवारी सकाळी दहाला सिनेमाचा शेवटचा सीन होता. त्यात बाई मोठ्याने हसतात आणि कॅमेरा फक्त त्यांच्या चेहऱ्यावर असतो. शुक्रवारी सगळं युनिट परत जाणार होतं. गुरुवारी दात तयार नसेल तर तो सीन बाईंच्या पाठीमागून घ्यायचा, असं ठरलं होतं.

आमच्या लॅबचे मालक बशीरभाई. माणूस केरळचा, पण आमची बोली हिंदी. दात परत आल्याचं कळताच ते माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले.

“मॅडम, दूसरा भी वापस आया तो खलास. तीसरे का टाइम नहीं है.”

“मालूम है, बशीरभाई.”

“हॉलिवूड की हिरोइन को हॉलिवूड स्माइल पसंद नहीं आया? कैसे?”

इथे थोडं समजावून सांगते. आखाती देशांत हॉलिवूड स्माइल नावाचा मोठा धंदा आहे. बत्तीशी एकसारखी, सरळ आणि पांढरीशुभ्र. लग्नाआधी नवरी करते, प्रमोशन मिळालं की मॅनेजर करतो. आमच्याकडची दहातली सात कामं तीच. एकच दात करायचा असेल तर आम्ही शेजारच्या दाताची हुबेहूब उलटी नक्कल करतो, आरशात दिसावी तशी. आणि रंग मापापेक्षा एक पायरी उजळ द्यायचा, कारण इथला पेशंट ‘पिवळा वाटतोय’ म्हणून हमखास परत येतो. हे सगळं कुठे लिहिलेलं नाही, पण पाळतात सगळे.

बाईंच्या फॉर्मवर डॉक्टरांनी एक ओळ लिहिली होती: पेशंटला स्वतःचाच दात हवा आहे. ती मी वाचली होती आणि सोडून दिली होती. ‘नॅचरल हवा’ असं सगळेच म्हणतात आणि मग पांढरा मागतात. म्हणून मी शेजारच्या दाताची नक्कल केली. मुळात तो तुटलेला दात सरळ होता का, हे विचारायचं मला सुचलंच नाही. वीस वर्षांच्या अनुभवाचा हा फायदा.

“बाईंना तुला भेटायचंय,” डॉक्टर रीमा म्हणाल्या. “यल्ला, लगेच ये.”

दुबई मरीनाच्या क्लिनिकमध्ये पोचेपर्यंत मी मनात माफीची तीन भाषणं तयार केली होती. बाई खुर्चीत बसल्या होत्या. केस पांढरे, मेकअप अजिबात नाही. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, “माझा कुठला सिनेमा पाहिलाय तुम्ही?”

खोटं बोलावंसं वाटलं. पण खोटं बोलले असते तर लगेच पकडले गेले असते. “एकही नाही, मॅम.”

बाई हसल्या आणि हसताना त्यांनी तोंडावर हात घेतला. मग तोच हात खाली घेऊन त्याच्याकडे बघत राहिल्या.

“बघा,” त्या म्हणाल्या, “पन्नास वर्षांत मी हे केलं नव्हतं. तीन दिवसांत सवय लागली.”

मला एकदम लाज वाटली. माफीची भाषणं बाजूला ठेवून मी वही काढली आणि म्हटलं, तुमच्या दाताबद्दल सांगा.

त्यांनी सांगितलेलं थोडक्यात असं. आई लाँड्रीत इस्त्री करायची. बाई एकविसाव्या वर्षी सिनेमात काम मिळवायला गेल्या. कंपनीचा माणूस म्हणाला, चेहरा चांगला आहे, पण हा दात काढावा लागेल. दात थोडा वळलेला होता, शेजारच्या दातात आणि त्याच्यात फट होती. हुबेहूब आईचा दात. कंपनीनेच डॉक्टर ठरवला. बाई खुर्चीत बसल्या, मशीन सुरू झालं आणि त्या गळ्यात बांधलेला कागदी रुमाल काढून उठून निघून आल्या. करार गेला. मग चार वर्षं हॉटेलात बशा उचलल्या. मधूनमधून नर्स, मोलकरीण, शेजारीण अशा दोन वाक्यांच्या भूमिका. शेवटी एका दिग्दर्शकाला अंत्यविधीत हसू आवरत नाही अशी बाई हवी होती. ती भूमिका यांना मिळाली आणि त्यानंतर वीस वर्षं यांना उसंत नव्हती. पंचेचाळिशीनंतर फोन थांबले. मग आज्या केल्या. आता हा सिनेमा.

“तुमच्याकडे दाताचा जुना साचा? स्कॅन?”

“काही नाही. त्यानंतर मी डॉक्टरकडे जायला घाबरायचे. आणि मी तो आरशात नीट पाहिलेलाही नाही. माझ्या जिभेला तो माहीत आहे.”

डॉक्टर रीमा माझ्याकडे बघत होत्या. जिभेचं माप कसं घ्यायचं, हे आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं.

पण दात सिनेमात होता. पन्नास वर्षांचा, सगळ्या बाजूंनी, उत्तम प्रकाशात.

शारजाला अल नहदामधल्या आमच्या फ्लॅटवर साडेचारला पोचले आणि टीव्ही लावला. माझी मुलगी सानिका एकोणीस वर्षांची, इथेच वाढलेली. तिला म्हटलं, बस माझ्याबरोबर, काम आहे. बाईंचे सहा सिनेमे निवडले, पहिल्यापासून अलीकडच्यापर्यंत. बाई हसल्या की मी टीव्ही थांबवायची. तोंड उघडलं की थांबवायची. एका सीनमध्ये त्यांचा मुलगा युद्धावरून परत येतो. सानिकाचे डोळे भरून आले होते आणि मी पडद्यावर पट्टी लावून उभी होते.

“आई, can you please stop pausing? He just came home!”

“येऊ दे त्याला. मला फट दिसतेय.”

मापाची युक्ती सोपी होती. शेजारचा उजवा दात अजून बाईंच्या तोंडात होता. प्लास्टरच्या साच्यावर त्याची रुंदी मोजता येत होती. पडद्यावर तो केवढा आणि त्याच्या शेजारचा केवढा, हे बघितलं की त्रैराशिक मांडून खरं माप निघतं. शाळेत त्रैराशिकाने मला रडवलं होतं. त्या रात्री मी ते दोन पानं मांडलं.

दाताचंही वय दिसत गेलं. पहिल्या सिनेमात धार कोवळी. चौथ्यात खालच्या कोपऱ्याचा टवका उडालेला, तो पुढे प्रत्येक सिनेमात आहे. शेवटच्या दोनांत मधोमध केसासारखी उभी तपकिरी रेघ. मी सगळं लिहून घेतलं. तरी बाईंचं हसणं मला सापडत नव्हतं. ते सानिकाला सापडलं.

“आई, go back. Look at her lip. हसणं संपताना the corner catches her lip. Every time.”

मागे घेऊन बघितलं. खरंच. दात वळलेला असल्यामुळे त्याचा कोपरा जरा पुढे येत होता, आणि बाईंचं हसू ओसरताना खालचा ओठ क्षणभर त्यावर अडायचा. तेवढ्यात चेहऱ्यावर काहीतरी वेगळंच उमटायचं. ज्या सीनवर सानिका रडली होती, तिथेही तेच होतं. पन्नास वर्षं बाई त्या कोपऱ्यावर अभिनय करत होत्या आणि मी तो घासून गुळगुळीत करून पाठवला होता.

“She’s literally acting with it,” सानिका म्हणाली. मी पोरीच्या डोक्यावरून हात फिरवला. तिने नेहमीप्रमाणे तो झटकला.

बुधवारी सकाळी आठला टेबलावर बसले. पोर्सिलेनची पावडर पाण्यात कालवून ब्रशने थर चढवायचे आणि भट्टीत भाजायचं. भाजताना दात आक्रसतो, म्हणून मुळात मोठा करावा लागतो. हे सगळं हाताला पाठ आहे आणि तीच अडचण झाली. मी वळण द्यायची आणि हात आपोआप ते सरळ करायचा. दोन वेळा दात सुरेख सरळ झाला आणि दोन्ही वेळा मी तो पुसून टाकला. तिसऱ्यांदा शेजारचा दात कागदाने झाकला, तेव्हा कुठे जमलं. रंग मापात होता तसाच दिला. कोपऱ्याचा टवका दगडाने घासून पाडला. तपकिरी रेघ शेवटी, ब्रशचा एकच केस ठेवून. श्वास धरून ओढली.

पाच वाजता बशीरभाईंनी भिंग लावून बघितलं.

“मॅडम, ये क्या है? टेढ़ा है. पीला है. इसमें तो क्रॅक भी है!”

“क्रॅक मैंने बनाया है.”

“हमारे लॅब के नाम से टूटा हुआ दाँत जाएगा? मैं क्वालिटी के पेपर पर साइन नहीं करूँगा.”

“तो मैं करती हूँ.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग दाताकडे. मग पेन माझ्यापुढे सरकवलं. मी सही केली. बाईंचा दात फसला असता तर त्या कागदावर फक्त माझं नाव होतं.

गुरुवारी सकाळी सातला मी क्लिनिकमध्ये हजर. कायमचं सिमेंट लावण्याआधी दात नुसता बसवून बघतात. डॉक्टर रीमांनी तो बसवला आणि आरसा पुढे केला. बाईंनी तो घेतला नाही. डोळे मिटले आणि तोंडातल्या तोंडात जीभ फिरवली. बराच वेळ.

“Fifty-five म्हणा,” डॉक्टर म्हणाल्या. पुढच्या दाताची लांबी तपासायची ही आमची पद्धत. एफ म्हणताना दाताची धार खालच्या ओठाला अलगद टेकली पाहिजे.

बाई म्हणाल्या. धार बरोबर टेकली.

मग त्यांनी आरसा घेतला आणि आत बघून म्हणाल्या, “हॅलो. कुठे होतीस?”

आणि हसल्या. हात मांडीवरच राहिला. हसू ओसरलं, खालचा ओठ कोपऱ्याशी क्षणभर अडला आणि सुटला. मला रडू आलं. तोंडावर मास्क होता म्हणून निभावलं.

“यल्ला, सिमेंट!” डॉक्टर रीमा ओरडल्या. “खलास हबीब्ती, झालं बाई तुझं काम, तू घरी जाऊन झोप.”

बाईंनी जाताना माझे दोन्ही हात धरले, उलटेसुलटे करून बघितले आणि म्हणाल्या, “आता तरी माझे सिनेमे पाहिलेत का?”

“सहा, मॅम. पण फक्त दात पाहिले.”

दहाला सीन झाला. समोरून.

सिनेमा वर्षभराने लागला. शारजाच्या थिएटरात मी, नवरा आणि सानिका गेलो. बशीरभाईही सहकुटुंब आले होते. शेवटच्या सीनला माझा दात माझ्याहून मोठा झाला. दिवे लागले तेव्हा बशीरभाई मागच्या रांगेतून वाकून कुजबुजले, “मॅडम, वो कौन सा वाला था?”

आमच्या धंद्यात याच्यापेक्षा मोठं बक्षीस नाही. मालकालाच दात ओळखू आला नाही. मी थिएटरातून बाहेर आले ती ताठ मानेने.

या सगळ्यानंतर सानिकाने स्वतःचा तिरका सुळा तसाच ठेवायचं ठरवलं, असं लिहिलं असतं तर गोष्ट छान संपली असती. तिने ठेवला नाही. क्लिप लावून सरळ करून घेतला. “That’s her tooth, आई. This is mine,” म्हणाली.

माझ्यात एकच बदल झाला. आता एका दाताचं काम आलं की मी आधी डॉक्टरांना फोन करून विचारते, आधीचा दात कसा होता. हसतानाचा जुना फोटो मागवते. बशीरभाई म्हणतात, टाइम वेस्ट. मी ऐकत नाही.

पहिला, परत आलेला दात अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. सरळ, उजळ, दोष काढायला जागा नाही. मी आजवर केलेला सगळ्यात देखणा दात तोच. नवीन मुलं शिकायला आली की आधी तो हातात देते. ती म्हणतात, वा! मग मी सांगते, हा जगात कुणाच्याही तोंडात बसत नाही.