मनकर्णाबाईचं मत

तीन वर्षांत कमिटीच्या बावीस बैठका झाल्या, आणि एकाही बैठकीत मनकर्णाबाईचा आवाज कोणी ऐकला नव्हता. मुकी होती म्हणाल, तर छे. अमरावतीच्या बाजारात ती वांगी घेऊन बसली की तिच्याशी भावाची घासाघीस करायची गिऱ्हाइकाची काय बिशाद होती. पण मुलींच्या बोर्डिंगच्या कमिटीचे अध्यक्ष होते खुशालराव, आणि खुशालराव म्हणजे तिचे भासरे, नवऱ्याचे थोरले भाऊ. भासऱ्यासमोर पदर नाकापर्यंत ओढायचा आणि तोंडातून शब्द काढायचा नाही, ही त्या घरची रीत. लग्नाला एकवीस वर्षं झाली होती, तिनं ती एकदाही मोडली नव्हती.

मग अशी बाई कमिटीवर घेतलीच कशाला? तर नागपूरहून सरकारी कागद आला होता, की मुलींच्या बोर्डिंगवर देखरेखीला निदान दोन बायका असाव्यात. एक मिळाली आशाबाई, जुनी मास्तरीण. दुसरी काही मिळेना, तेव्हा खुशालरावांनी घरातलीच घातली. बैठकीत मनकर्णाबाई दाराआड सतरंजीवर बसायची आणि आशाबाईच्या कानात पुटपुटायची. आशाबाई खणखणीत आवाजात सांगायची, "मनकर्णाबाई म्हणतात, पोरींना आडोशाची न्हाणी पाहिजे." न्हाणी झाली, हिवाळ्यासाठी गोधड्या आल्या. गाडं बरं चाललं होतं. आणि अशात आशाबाई लेकीच्या बाळंतपणाला अकोल्याला निघून गेली.

त्याच आठवड्यात दर्यापूरकडून सहदेव आला. त्याची लेक सुभद्रा एकोणीस वर्षांची. लग्नाला वर्ष व्हायच्या आत तिचा नवरा गेला, आणि आता बोर्डिंगमध्ये राहून ती जनाना दवाखान्यात दाईचं काम शिकत होती. परीक्षा दोन महिन्यांवर आली होती. सहदेवनं तिचा पाट, म्हणजे दुसरं लग्न, जमवून टाकला होता, पन्नाशीतल्या, तीन लेकरांच्या माणसाशी. रविवारी गाडी घेऊन येतो आणि पोरीला नेतो, असं तो कमिटीला सांगून गेला.

बोर्डिंगचा नियम तसा पोरींच्या बाजूचा होता. शिक्षण अर्धवट असताना मुलीला परत धाडायचं, तर बैठकीला हजर असलेल्या सगळ्यांचं एकमत पाहिजे. एकानं नाही म्हटलं तरी मुलगी राहते. पण नाही म्हणायला तोंड लागतं ना.

शनिवारी मनकर्णाबाई बोर्डिंगमध्ये भाजी टाकायला गेली, तर सुभद्रा टोपली उतरवायला आली. टोपली खाली ठेवली आणि तिथंच उभी राहिली.

"मावशी, तुमी हाव ना कमिटीत?"

"हाव ना व. मी हाव."

बोलून गेली खरी, पण आशाबाईवाचून बैठकीत बोलणार कोण? घरी नवरा, नत्थुजी, पालकाच्या जुड्या बांधत बसला होता. त्याच्यापाशी तिनं विषय काढला.

"तुमच्या दादाले तुमीच सांगा. माह्याकडून म्हना."

"दादासमोर म्या कई तोंड उघडलं? अन् कमिटीत तू हायेस का मी?"

झालं. एवढं बोलून त्यानं पुढची जुडी घेतली. चिठ्ठी द्यावी, तर हिला अक्षर येत नव्हतं. दुसऱ्याकडून लिहून घ्यावी, तर कमिटीचे चिटणीस शेषराव मास्तरच पोरीला धाडा म्हणणारे. त्या दिवशी तिच्या हातून भाजीत मीठ दोनदा पडलं, आणि नत्थुजीनं गुमान खाल्लं.

रविवारी चौघे हजर होते: खुशालराव, शेषराव मास्तर, उत्तमराव वकील आणि दाराआड मनकर्णाबाई. बाजूची सतरंजी रिकामी. बाहेर निंबाखाली सहदेवची गाडी जुंपून उभी होती. सहदेव ओसरीवर बसला होता, आणि आत चुलीपाशी सुभद्रा वाटेच्या शिदोरीसाठी भाकरी थापत होती. तिची ट्रंक दारात आणून ठेवलेली.

खुशालराव काही वाईट माणूस नव्हते. बोर्डिंगला जागा त्यांचीच होती. "बापानं मागतली अन् आपण पोरगी देल्ली नाई," ते म्हणाले, "तं उद्या खेड्यातला कोणता बाप आपल्याकडं पोरगी ठेवन?" वकिलांनी मान डोलावली. बोलणं खोटं नव्हतं, म्हणून तर मनकर्णाबाई जास्तच घोटाळली. आपण चुकत असलो तर?

"कोणाचा इरोध?" खुशालरावांनी विचारलं.

मनकर्णाबाईनं तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. मास्तरांनी टाक दौतीत बुडवला आणि लिहिता लिहिता मोठ्यानं म्हणाले, "एकमतानं..."

"लिहू नका."

मास्तरांचा टाक थांबला. कोण बोललं, ते त्यांना कळेना. बैठकीत हा आवाज त्यांनी कधी ऐकलाच नव्हता.

"माहा इरोध हाय," दाराआडून पुन्हा आलं, चिरक्या, कापऱ्या आवाजात. "दोन महिने तं राहिले. पोरीले परीक्षा देऊ द्या. मंग तिले जाचं तं जाईन. तिले कोनी इचारलं का?"

खुशालराव उठले. मनकर्णाबाईनं पदर आणखी खाली ओढला. आता हे निघून जाणार, भावाला घराबाहेर काढणार, मळ्याची वाटणी होणार, एका दमात तिच्या डोळ्यांपुढून सगळं गेलं. ते ओसरीवर गेले.

"सहदेवभाऊ, बैल सोडा. पानी पाजा त्यायले. पोरगी परीक्षेपर्यंत इथंच राहीन."

मग आत येऊन, तोंड भिंतीकडं करूनच बसले.

"मास्तर, त्यायले सांगा, पुढच्या टायमाले जरा जोरानं बोला म्हना. मले डाव्या कानानं कमी आयकू येते."

मनकर्णाबाईनं पदराचा बोळा तोंडात धरला. रडू येत होतं का हसू, तिचं तिलाच कळत नव्हतं.

सहदेवनं बैल सोडले नाहीत. तो गाडीत चढला आणि ओसरीकडं बघून म्हणाला, "आता तुमीच ठेवा. आमच्यासाठी ते मेली." कासरा ओढला आणि गाडी फाटकातून बाहेर पडली.

मनकर्णाबाई आत गेली. सुभद्रेला चुलीपाशी ओसरीवरचं काही ऐकू गेलं नव्हतं. तिच्या हातात फडक्यात बांधलेली शिदोरी होती, आत भाकरी आणि मिरचीचा ठेचा.

"राहिली व तू," मनकर्णाबाई म्हणाली.

सुभद्रेचे डोळे भरून आले. "अन् बाबा?"

"गेले."

"गेले? जेवले नाई?" तिनं शिदोरीकडं पाहिलं. "सकाळचे उपाशी होते ते."

मनकर्णाबाईनं पोरीच्या हातातून शिदोरी घेतली आणि ती तशीच धरून उभी राहिली.