शेवंतीचा शेंडा

मंगळवारी सकाळी माझी बायको सुधा गेली. गॅलरीतल्या शेवंतीचा शेंडा खुडायचा राहिला. दरवर्षी ती तो नखाने खुडायची. तिने लावलेलं झाड म्हणून मी त्याला हात लावला नाही. महिन्या-दीड महिन्यात ते एकाच काडीने उंच वाढलं आणि कलंडलं.

शेजारच्या मालतीबाई म्हणाल्या, "सर, शेंडा खुडा की. वहिनी असत्या तर झाडाला सोडून तुम्हालाच बोलल्या असत्या."

पानाच्या बगलेत कोंब निजलेला असतो, त्याला आपण डोळा म्हणतो. शेंड्यातलं संप्रेरक खाली उतरत राहतं, तोवर डोळा उघडत नाही, असं मी वाचलं होतं. सुधा होती तोवर मला चहासुद्धा करता येत नव्हता. तिने कधी अडवलं नाही; मला फुटायची गरजच पडली नाही.

त्या रविवारी मी शेंडा खुडला. बोटांना तो उग्र हिरवा वास लागला, पूर्वी तिच्या बोटांना यायचा तोच. दहाएक दिवसांनी खालचे दोन डोळे उघडले.

आता कुंडीत दोन फांद्या आहेत. सकाळी मी एक कप चहा करतो.