पाहुण्यांनी चढवलेले चेंडू

आमच्या घरात फुफ्फुसाचं ऑपरेशन फक्त बाबांचं झालं; व्यायाम मात्र सगळ्यांनी केला.

घरी सोडताना फिजिओथेरपीच्या बाईंनी प्लॅस्टिकचं एक यंत्र दिलं होतं. तीन उभी नळकांडी, प्रत्येकात एक चेंडू आणि बाजूला नळी. नळीतून श्वास आत ओढला की चेंडू वर चढतात. रोज नीट केलंत तर फुफ्फुस उघडेल आणि मग जिना स्वतःच्या पायांनी, असं बाईंनी बजावलं. वारजेतल्या आमच्या इमारतीला लिफ्ट नाही आणि घर तिसऱ्या मजल्यावर, म्हणून बाबांना खुर्चीत बसवून वर आणलं होतं. निवृत्त हेडमास्तरांना ती वरात फार लागली होती.

पण चार वाजले (त्याआधी पुण्यात आजाऱ्यालाही कोणी भेटत नाही) की पाहुणे हजर! हे काय, म्हणून कोणी विचारलं की बाबा यंत्र लगेच पुढे करायचे. श्वास ओढला की टाके दुखायचे, त्यामुळे त्यांचं आतिथ्य उतू जात होतं. आई बिचारी प्रत्येक पाहुण्यानंतर नळी गरम पाण्यानं धुवायची, मग चहा टाकायची. नानाकाकांनी दोन चेंडू चढवले, त्यांच्या सुनेनं अडीच. मी हिंजवडीहून कंपनीच्या बसनं घरी पोचायचो तेव्हा दारातच हशा ऐकू यायचा. वाटायचं, वा, व्यायाम जोरात चाललाय! मग मीही बसायचो. माझे तिन्ही चढत, आणि बाबा टाळ्या वाजवत.

तपासणीच्या दिवशी डॉक्टरांनी यंत्र बाबांच्या हातात दिलं. एकही चेंडू हलला नाही. बाबा, असं ओढायचं, म्हणून मी तिन्ही चढवून दाखवले!

डॉक्टरांनी एक्स-रे खाली ठेवला. "तुमची फुफ्फुसं उत्तम आहेत. ऑपरेशन कोणाचं झालंय?"

बाबांना पुन्हा दाखल करावं लागलं. पुन्हा सुया, पुन्हा नळ्या. इतक्या दिवसांत एकदा जरी त्यांच्याशेजारी गप्प बसून त्यांचा श्वास पाहिला असता, तर हे टळलं असतं. आजही त्याचं वाईट वाटतं.

घरी आणलं तेही खुर्चीतूनच. शेजारचे दोघं खुर्ची उचलून पुढे, मागून मी औषधांची पिशवी घेऊन. दुसऱ्या मजल्यावर मला कठडा धरून उभं राहावं लागलं.

वरून बाबांचा आवाज आला, तुटक पण स्पष्ट. "जरा थांबा हो. आमच्या पहिलवानाला दम लागलाय."