बायनाबाईचं पान

बायनाबाई आमच्या गावात शेळ्या राखायची. चार स्वतःच्या, बाकी लोकांच्या. आमचं गाव येलदरीच्या धरणापासून दीड कोसावर, आणि गावाला लागूनच खापऱ्या डोंगर. डोंगर म्हणायचं एवढंच. सगळा काळा खडक, मधून मधून निवडुंग, माथ्यावर महादेवाची पिंड. शेळ्यांखेरीज तिकडं कुणाला काम नसायचं.

त्या खडकाच्या भेगांत भादव्यात एक फूल यायचं. रोप वीतभर, पानं गवतासारखी. फूल खाली फुगीर, पांढरट हिरवं, वर पाकळ्यांची टोकं एकमेकींना चिकटलेली, आत तांबूस. लांबून पाहिलं तर कुणी दिवा लावून ठेवलाय असं वाटावं. आमच्याकडं त्याला दिवली म्हणतात. माझं माहेर झरीचं. तिथं बांधावर रानफुलं पुष्कळ, पण ही कधी पाहिली नव्हती. पूर्णेच्या पलीकडच्या टेकड्यांवरही नाही, असं बायनाबाई सांगायची, आणि त्या टेकड्या तिनं पायांनी पाहिलेल्या होत्या.

आमच्या घरच्या महालक्ष्म्यांना दिवलीची सोळा रोपं लागत. नुसती फुलं चालत नसत. रोप मुळासकट, खालच्या सुपारीएवढ्या कंदासकट हवं. सासूबाई म्हणायच्या, "मूळ तोडून दिलेलं लक्ष्मी घेत नाही. घराचं मूळ हलतं." ती रोपं आणायचा मान बायनाबाईचा, तिच्याआधी तिच्या सासूचा. त्याबद्दल पूजनाच्या दिवशी पहिल्या पंगतीत तिचं पान मांडलं जाई. आडावर भांडण निघालं की ती म्हणायची, "माजं पान लक्ष्मीपुढं मांडतेत. तुजं कुटं मांडतेत गं?" तिथं भांडण संपायचं.

बहात्तरच्या दुष्काळात डोंगराच्या पायथ्याला खडी फोडायचं काम निघालं. दिवलीचा कंद गुळचट असतो, कच्चा खाता येतो. उन्हाळा येईतो खडकाच्या भेगा कुदळींनी उकरून झाल्या होत्या.

चौऱ्याहत्तर साली बायनाबाई तीनच रोपं घेऊन आली. तेवढ्यावरच पूजा झाली. पंच्याहत्तर साली ती रिकाम्या हातांनी आली.

"सरलं, माय."

"सरलं म्हणजे? डोंगर कुठं गेला का?"

"डोंगर हाय. दिवली न्हाई."

आमचा सालगडी भुजंग ओसरीवर दोर वळत बसला होता. तो म्हणाला, "मंग श्रावणात डोंगरावर बाभळीच्या काट्या कशाला वढायलतीस गं?"

"तुज्या लग्नाचा मांडव घालायलते," बायनाबाई म्हणाली. "पोरगीच गावंना, म्हनून ऱ्हायला."

भुजंग हसला. सासूबाई हसल्या नाहीत. त्यांनी हळदीकुंकवाचा करंडा पुढं सरकवला.

"हात ठेव आणि सांग."

महालक्ष्म्यांपुढच्या करंड्यावर हात ठेवून खोटं बोललेल्या माणसाला पुढची महालक्ष्मी दिसत नाही, असं आमच्यात मानतात. बायनाबाईनं हात ठेवला.

"डोंगरावर एक बी रोप न्हाई."

सासूबाईंना भुजंगचं बोलणं खरं वाटलं. त्यांनी त्याला डोंगरावर धाडलं. तो निवडुंगापर्यंत जाऊन परत आला. "तितं माणूस घुसत न्हाई, माय," म्हणाला. त्या वर्षी बायनाबाईचं पान मांडलं नाही. पुढच्या वर्षीही नाही. आता आडावर बायकाच तिला विचारायला लागल्या, "कुटं हाय गं तुजं पान?" ती घागर उचलून चालायला लागायची.

पुढची महालक्ष्मी तिला दिसली. लोक करंड्याचं विसरले होते. सत्त्याहत्तरच्या आषाढात ती डोंगरावरून घसरली, पाय मोडला, आणि लोकांना पुन्हा आठवलं. उशिरा का होईना, शपथ फळली म्हणाले.

सासूबाईंना विचारून मी तिच्याकडं पिठलं-भाकरी घेऊन गेले. पाय बांबूच्या कामट्यांत बांधलेला होता.

"वैनी, श्रावणी सोमवारी वर महादेवाला जाता न्हवं?" तिनं विचारलं.

"जाते."

"पिंडीच्या उगवतीला कडा हाय. दाट निवडुंग हाय तितं. वाकून आत बघा. काट्या सरकल्या असल्या तर नीट लावा. शेरडं घुसली तर बुडखा बी ठिवणार न्हाईत."

"म्हणजे आहे."

"हाय."

"करंड्यावर हात ठेवून खोटं बोललीस?"

"बोलले." ती भाकरी मोडत होती. "दुस्काळात रोप वर दिसत नसतंय, वैनी. कंद भुईत. कुटं कुटं हायेत ते मला एकलीला ठाव व्हतं. पोटात आग व्हती, मीच समद्यास्नी दावलं. आता जे ऱ्हायलंय त्यातलं सोळा काढलं, का उरतंय काय? लक्ष्मीला माजं पाप धरायचं तर धरू द्या. रोप तिचंच हाय."

"आणि तुझं पान?"

तिनं भाकरीचा तुकडा खाली ठेवला. "पानाची लय याद येते," म्हणाली. "पुरणाची न्हाई. मांडल्याल्याची."

सोमवारी मी गेले. दोन काट्या सरकल्या होत्या, त्या ओढून लावल्या. हाताला ओरखडे आले. मग वाकून आत पाहिलं. सतरा रोपं होती. तीन रोपांवर कळ्या होत्या. महादेवाला बेल वाहिला आणि खाली आले.

महालक्ष्म्या बसल्या त्या संध्याकाळी सासूबाई पाटावर बसून दोऱ्यांना सोळा गाठी मारत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "तू डोंगरावर जाऊन आलीस. दिवली दिसली का?"

करंडा त्यांच्या गुडघ्यापाशी होता. त्यांनी तो सरकवला नाही. मीच हात ठेवला.

"नाही. एकही नाही."

त्यांनी हातातली गाठ पुरी केली.

"मग ती खरं बोलली होती."

मी करंड्यावरचा हात काढून घेतला.

"दोन वर्षं तिचं पान मोडलं. चूक आपली झाली. भुजंगला सांग, उद्या गाडी जुंपून तिला आण."

दुसऱ्या दिवशी भुजंगनं गाडी दारात लावली. "उतरा, मानकरीणबाई."

"हळू धर रे. लगीन व्हायचंय तुजं, कंबर मोडंल."

ती पहिल्या पंगतीत बसली, मोडका पाय लांब करून. मी तिच्यापुढं पान मांडलं. तिनं देवीपुढं पाहिलं. तिथं दिवलीच्या जागी झेंडूची सोळा रोपं होती, मुळासकट. मग तिनं माझ्याकडं पाहिलं आणि पानाभोवती पाणी फिरवलं.

"वाढा, वैनी," म्हणाली.

दर वर्षीच्या महालक्ष्म्यांचं मी एका वहीत लिहून ठेवते. त्या दिवशी झेंडूचं लिहिलं, पंगतीचं लिहिलं. करंड्याचं लिहिलं नाही. पुढच्या महालक्ष्मीपर्यंत रोज दिवा लावताना मनात धाकधूक असायची. ती महालक्ष्मी मला दिसली, बायनाबाईलाही दिसली. आता ती काठी टेकत चालते. डोंगर तिला चढवत नाही. श्रावणात काट्या लावायला मीच जाते.

सासूबाई गेल्या फाल्गुनात वारल्या, म्हणून आज हे लिहिलं. वही पुढं कुणाच्याही हाती जाईल. पिंडीपासूनची दिशा मी इथं बदलून लिहिली आहे.