जहाजावरचा जानोसा

दिराचा पुण्याहून फोन आला तेव्हा आमच्याकडे धानाची मळणी चालू होती आणि चुलीवरून चहाचं पातेलं उतरत नव्हतं. शाळेतून येऊन मी अजून साडीही बदलली नव्हती. तो म्हणाला, वहिनी, मुंबईहून गोव्याकडे जाणाऱ्या जहाजाची तिकिटं काढली, आपण सगळे जाऊ, तीन केबिन मिळाल्या आहेत, कोण कुठे झोपेल ते तेवढं तुम्ही ठरवा. का, तर मी शाळेच्या सहली नेते, मला सवय आहे. मला सवय आहे हे ऐकलं की माझं डोकं उठतं. ज्याला सवय असते त्याच्याच गळ्यात सगळं पडतं, आणि नाही म्हणायची सवय मात्र मला आजवर लागली नाही.

बेत सासऱ्यांसाठी होता. मागच्या हिवाळ्यात त्यांच्या छातीत दुखलं, गोंदियाला दवाखान्यात ठेवावं लागलं. तेव्हापासून दिराच्या मनाने घेतलं होतं की एकदा सगळ्यांनी मिळून कुठेतरी जायचं. चोरखमाऱ्याच्या तलावापेक्षा मोठं पाणी सासऱ्यांनी आयुष्यात पाहिलेलं नव्हतं. त्यांना समुद्र दाखवायचा, एवढीच सगळ्यांची हौस होती, आणि डॉक्टरांनीही खुशाल न्या म्हटलं होतं.

माणसं दहा. सासू-सासरे, आम्ही नवरा-बायको आणि आमची मुलगी, दीर-जाऊ आणि त्यांची दोन लहान पोरं, शिवाय नणंदेचा मुलगा, म्हणजे आमचा भाचा, जो कॉलेजसाठी आमच्याकडेच दवनीवाड्याला राहतो. केबिन दोन चार-चार जणांच्या, खाली दोन पलंग आणि भिंतीतून उघडणारे वर दोन. तिसरी दोघांपुरती, पण तिला समुद्राकडे बाल्कनी.

मी काय केलं असेल? लग्नात वऱ्हाड उतरवायला जानोसा लावतात तसा जहाजाचा जानोसा लावला. पुरुष एका खोलीत, बाया-पोरं दुसरीकडे. सासरे, माझा नवरा, दीर आणि भाचा एकीत. सासू, मी, माझी मुलगी आणि जावेची मोठी दुसरीत. बाल्कनीत जाऊ आणि तिचं धाकटं पोर. आमच्याकडे जाऊ माझ्या नवऱ्यासमोर पदर सावरते, मी सासऱ्यांसमोर सावरते, मग दुसरं सुचणार तरी काय. दिराला कळवलं आणि सुटले एकदाची म्हणून भांडी घासायला बसले.

कशाची सुटते. तासाभरात जावेचा फोन. वहिनी, जहाजावर नवऱ्यासोबत जायचं तर नवरा दुसऱ्या खोलीत कायले? तिचं चूक नव्हतं. तिला बाल्कनी हवी होती, पण दिरासोबत. इकडे नवरा वेगळाच अडून बसला. भाच्याला उंचीची भीती, तो खालीच झोपणार म्हणाला. आमच्याकडे मामा भाच्याच्या पाया पडतो, मग तोच मामा भाच्याच्या डोक्यावर पाय करून वर झोपणार कसा, पाप नाही का लागणार? मी म्हटलं, सासऱ्यांना वर चढवू का मग, छातीचं दुखणं घेऊन? त्यावर तो तोंड फुगवून बसला. मुलीला खिडकी हवी, दिराच्या पोरांना शिडी हवी. माझ्या नाकी नऊ आले. कोणी एकाने तरी विचारावं ना, तुला कुठं झोपायचंय बाई? नाही विचारलं.

दुसऱ्या दिवशी मी तांदूळ निवडत होते तर सासूबाई शेजारी येऊन बसल्या. हातात काही काम नाही, हे त्यांच्या बाबतीत घडत नाही. जरा वेळाने त्यांनी सासऱ्यांचं विचारलं, तुझ्या आबाजीच्या खोलीत कोण हाय? मी वैतागून सांगितलं, सगळे पुरुष आहेत, काळजी कशाची? त्या जवळ सरकल्या. मग खालच्या आवाजात म्हणाल्या,

"मले त्याइच्या खोलीत ठेव."

मी हातातलं सूप खाली ठेवलं. लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून सासरे बाहेर छपरीत झोपतात आणि सासू आत, नातवंडांना घेऊन. सून आल्यावर म्हातारा-म्हातारीने एका खोलीत झोपायचं नसतं, हे आमच्याकडे कोणाला शिकवावं लागत नाही. मला आधी हसूच आलं, खोटं कशाला बोलू.

"हसू नको. दवाखान्यातून आले तवापासून मी झोपतच नाई. भिंतीपल्याड त्याइचा खोकला ऐकत राहतो. खोकला आला का वाटते, हाय. नाई आला का उठून दारापाशी जातो. जहाजावर लोखंडाच्या भिंती. तिथं मले काय ऐकू येईल?"

एक वर्ष होत आलं होतं. त्यांचे डोळे ओढलेले दिसायचे, दुपारी भाजी चिरता चिरता मान पडायची, आणि मी आपली समजत होते, वय झालं. थकण्याचा सगळा मक्ता जणू माझाच होता. मला इतकं वाईट वाटलं की निवडलेले तांदूळ मी परत निवडत बसले.

जावेला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, बाल्कनी त्यांना द्या, आम्ही पोरांना घेऊन चौघांच्या खोलीत राहतो. म्हणजे उरलेल्या खोलीत आम्ही तिघं आणि भाचा. मामा-भाचे दोघेही खाली, शिडीवर मी आणि माझी मुलगी. माझ्या गुडघ्यांचा विचार करायला वेळच कोणाला होता.

पण सासरे ऐकतील तर शपथ. त्यांच्या कानावर गेलं तसे ते छपरीतूनच कडाडले. सुना-नातवंडांसमोर म्हाताऱ्यानं बायकोसंगं खोलीत दार लावून झोपावं का? लाज वाटते का नाई? मी येतच नाई, तुम्ही जा. जेवायलाही आले नाहीत. नवरा समजवायला गेला आणि शिव्या खाऊन परत आला.

तेव्हा माझं टाळकं सटकलं. मळणी झाली, शाळा झाली, वीस वेळा खोल्या लावून झाल्या, आणि आता हे. सासऱ्यांशी मी थेट बोलत नाही, तशी रीत नाही. मधल्या दारात उभी राहिले, मुलीला पुढे केलं आणि तिला सांगितल्यासारखं, पण अंगणापर्यंत ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हटलं,

"आबाजीले सांग, आजी वर्षभर झोपली नाही. रातभर तुमचा खोकला ऐकून राहते. लाज वाटत असेल तर तिच्या जागरणाची वाटू द्या."

आतून सासूबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्यांना भर चौकात उघडं केलं होतं. दोन दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. आणि तिसऱ्या दिवशी सासऱ्यांनी आपले दोन सदरे आणि धोतर आणून मुलीजवळ दिलं. आजीच्याच बॅगेत ठेव म्हणाले, वेगळी बॅग कायले पाहिजे.

मग मुंबईची गाडी, तिथली गर्दी, सामान, पोरांच्या उलट्या, जहाजावर चढायच्या रांगा. समुद्र सुरू झाला तेव्हा मी शिडीवरच्या पलंगावर आडवी झाले होते. खाली नवरा आणि भाचा आळीपाळीने घोरत होते.

सकाळी मी दोन कप चहा घेऊन सासू-सासऱ्यांच्या दाराशी गेले. ऊन चांगलं वर आलं होतं. गावी या वेळेपर्यंत सासूबाईंची सडा-झाडलोट, पाणी, स्वयंपाकाची अर्धी तयारी झालेली असते. दार सासऱ्यांनी उघडलं, अर्धंच. मला गप्प राहा म्हणून खुणावलं. मग, आजवर कधी बोलले नाहीत तसे, सरळ माझ्याकडे पाहून हळू आवाजात बोलले,

"झोपू दे तिले. लग्नाले एवढे वर्स झाले, तिले झोपलेली मी कधी पायलीच नाई."

आत सासूबाई पाय पोटाशी घेऊन झोपल्या होत्या. तोंड उघडं, पदर कुठल्या कुठे. त्यांच्या डोळ्यांवर ऊन येऊ नये म्हणून सासऱ्यांनी बाल्कनीचा पडदा घट्ट ओढून घेतला होता आणि पलंगाजवळ खुर्ची टाकली होती, समुद्राकडे पाठ करून. चहा त्यांनी घेतला नाही. ती उठली का संगंच घेतो म्हणाले, आणि दार लावून घेतलं.