एक महिना उशिराची म्हैस

चुलतीची म्हैस सांगितलेल्या तारखेच्या महिनाभर आधी व्याली, तेव्हा चूक जनावरांच्या दवाखान्यातल्या मामांची नव्हती. माझी होती. हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही, चुलतीला तर नाहीच. मी मुळात कमी बोलणारा. कमी बोलणाऱ्या माणसाची एक सोय असते, तो काही लपवत असेल असा संशय कुणाला येत नाही. त्या सोयीवर मी बरीच वर्षं काढली. आता पन्नाशी जवळ आली आहे, तर बोलून टाकतो.

तेव्हा मी मंठ्यात कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवत होतो. खाली खत-बियाणांचं दुकान, वर आमचा क्लास. पाच कॉम्प्युटर, त्यातले तीन एका वेळी चालू असले की आम्ही तो चांगला दिवस धरायचो. त्याआधी वर्षभर पुण्याला नोकरी शोधून मी परत आलो होतो. गावात मात्र "पुण्याला गेल्ता, शिकून आला" असंच चाललं होतं आणि मी ते दुरुस्त केलं नव्हतं. गाव वाटूरच्या अलीकडे, शनिवारी दुपारी क्लास सुटला की मी जीप धरून घरी यायचो.

रंगीत पडद्याचे मोबाईल नुकतेच आमच्याकडे दिसायला लागले होते. त्यात जावा भाषेत लिहिलेला आपला स्वतःचा प्रोग्राम घालता येतो हे मी एका पुस्तकात वाचलं आणि माझी झोप उडाली. काय करावं हे ठरवायला वेळ लागला नाही. आमच्या भागात प्रत्येक घरी एकच प्रश्न असतो, म्हैस कधी व्याणार? म्हशीला दहा महिने दहा दिवस, गाईला नऊ महिने नऊ दिवस, हा हिशोब लहान पोरालाही पाठ. पण म्हैस भरवली कधी, म्हणजे गाभण घातली कधी, हेच घरात कुणाला आठवत नसतं. एक म्हणतो पोळ्याच्या आधी, दुसरा म्हणतो छे, गणपती उठल्यावर. मग सगळे जायचे मामांकडे.

मामा म्हणजे आमच्या गावच्या जनावरांच्या दवाखान्यातले शिपाई. डॉक्टरांकडे तीन गावं, त्यामुळे दवाखाना खरा मामांचाच. कोणाची म्हैस कोणत्या तारखेला भरवली याचं रजिस्टर ते ठेवायचे, कापडात बांधून, पोथीसारखं. कुणी विचारलं की गाठ सोडायची, ओळीवर बोट ठेवायचं, तारीख मोठ्यानं वाचायची, मग बोटांच्या पेरांवर महिने मोजून दिवस सांगायचा. तो दिवस दोन-तीन दिवसांपलीकडे हुकत नसे. गावात त्यांना म्हाताऱ्यांपासून पोरांपर्यंत सगळे मामाच म्हणायचे.

मी त्यांना सांगितलं की तुम्ही तारीख वाचा, पुढचं मोजायचं काम माझा मोबाईल करील. मला वाटलं, त्यांना राग येईल. त्यांना आनंदच झाला. "मंग लय बरं झालं मास्तर," ते म्हणाले, "माझी पेरं झिजून राह्यली मोजून मोजून."

आता माझ्या पराक्रमांबद्दल सांगतो, कारण ते आठवलं की अजून हसू येतं. कॉम्प्युटरच्या पडद्यावर एक खोटा मोबाईल दिसायचा, त्यावर माझा प्रोग्राम देखणा चालायचा. खऱ्या मोबाईलवर मात्र तो उघडेचना. कारण मी सुरुवातीला म्हशीचा एक मोठा फोटो टाकला होता आणि त्या मोबाईलची जागा चौसष्ट केबी. म्हैस गोठ्यात मावत नव्हती. फोटो काढला, तर मराठी अक्षरांच्या जागी चौकोन, ओळीनं मांडलेल्या विटांसारखे. शेवटी इंग्रजी अक्षरांत "म्हैस व्याणार" असं लिहिलं. कॉम्प्युटरवरून तो प्रोग्राम केबलनं मोबाईलमध्ये घ्यायचा आणि एका मोबाईलमधून दुसऱ्यात पाठवायचा तर दोन्ही मोबाईल डोक्याला डोकं लावून ठेवायचे, झुंजीच्या एडक्यांसारखे, आणि मधून कुणी हात नेला की पुन्हा पहिल्यापासून.

पहिल्यांदा दवाखान्यासमोर चार माणसांत मी तो चालवून दाखवला. तारीख घातली, बटण दाबलं, तर म्हैस अकरा दिवसांत व्याणार असं आलं. एक जण शांतपणे म्हणाला, "कोंबडीला पण एकवीस लागतात." झालं होतं असं की तीनशे दहा दिवसांचे मी सेकंदाच्या हजाराव्या भागात तुकडे केले होते आणि एवढा मोठा आकडा ज्या खणात ठेवला तो खण लहान. बाकीचं सांडून गेलं, उरले अकरा दिवस. त्यातून बाहेर पडावं म्हटलं, तर बाहेर पडायचं बटण द्यायलाच विसरलो होतो. मामांनी माझ्या हातून मोबाईल घेतला, पाठ उघडली, बॅटरी काढली आणि म्हणाले, "बराबर. अडलेल्या जनावराला असंच सोडवावं लागतं."

मोठा खण घेतला, बटण दिलं. आधीच व्यालेल्या तीन म्हशींच्या तारखा घालून पाहिल्या. एक-दोन दिवसांच्या फरकानं बरोबर. गावात माझं वजन वाढलं. पारावर मला जागा करून देऊ लागले. पुण्याचं ते रिकामं वर्ष त्या जागेखाली छान झाकलं गेलं.

मग पोळ्याच्या सुमारास कुणाच्या तरी म्हशीचं उत्तर आलं, "नऊ तारीख, महिना शून्य." शून्याव्या महिन्यात व्याणारी म्हैस, यावर आठवडाभर गाव हसलं. क्लासमध्ये येऊन मी पुस्तक चाळलं. जावामध्ये महिने शून्यापासून मोजतात हे तिथं स्पष्ट लिहिलं होतं. जानेवारी शून्य, फेब्रुवारी एक. आपण महिना आत देताना एक कमी करून द्यायचा आणि बाहेर घेताना एक वाढवून घ्यायचा. मी दोन्हीकडे काहीच केलं नव्हतं, त्यामुळे एक चूक दुसरीला खाऊन टाकत होती आणि उत्तर बहुतेक बरोबर यायचं. मी घाईत काय केलं, फक्त बाहेरच्या दारावर एक वाढवला. आतलं दार तसंच उघडं. शून्य गेलं. मी खूश झालो. त्या तीन म्हशींच्या तारखा पुन्हा घालून पाहायच्या होत्या, त्या पाहिल्या नाहीत. आता प्रत्येक म्हैस एक महिना उशिरा व्याणार होती, आणि हे म्हशींना माहीत नव्हतं.

दिवाळी झाल्यावर चुलती दवाखान्यात आली. तिची लेक जालन्याला, डिसेंबरात बाळंतीण व्हायची होती. चुलती घरात एकटीच, आणि म्हैसही एकच. लेकीकडे जावं तर मागं म्हैस, म्हशीपाशी थांबावं तर तिकडं लेक. मामांनी गाठ सोडली, ओळीवर बोट ठेवलं आणि वाचलं, पाच फेब्रुवारी. मी ते मोबाईलमध्ये घातलं. उत्तर आलं, नऊ जानेवारी. मामांनी त्या दिवशी पेरं मोजली नाहीत. यंत्र असताना आपण कशाला, असं त्यांचं म्हणणं. फक्त चुलतीला एवढं म्हणाले की परवा वाटेत पाहिली तेव्हा म्हैस जरा जवळ आल्यासारखी वाटली. मी हसून म्हणालो की मामा, डोळ्यानं बघायचे दिवस गेले. तेही हसले. चुलती शेजारणीला वैरण-पाण्याचं सांगून जालन्याला गेली.

डिसेंबरच्या बाराला, दुपारी, म्हैस अडली. शेजारीण धावत मामांकडे गेली. मामा जेवत होते, ते उष्ट्या हातानं उठले. दीड तास खपले. वगार झाली, काळीभोर, कपाळावर पांढरा टिळा. म्हैसही वाचली. शनिवार होता, मी नुकताच गावात उतरलो होतो. गोठ्यापाशी पोचलो तेव्हा मामा धोतराला हात पुसत होते आणि वगार पायांवर उभी राहायच्या प्रयत्नात तिसऱ्यांदा पडत होती. सगळे हसत होते. मीही हसलो. अजून मला काही कळलं नव्हतं.

चुलती दुसऱ्याच दिवशी, रविवारी आली. लेकीला मुलगा झाला होता, म्हणून पेढे घेऊन आली आणि दवाखान्यासमोर सगळ्यांना वाटले. माझ्या हातावर पेढा ठेवला आणि मग तिनं तोंड सोडलं.

"काय रे, तुझ्या मोबाईलचं पंचांग कोन्या देशाचं हाय? म्हैस मेली असती तर मी काय त्या डबीचं दूध काढलं असतं?"

सात-आठ जण होते. कुणीतरी शून्याव्या महिन्याची आठवण काढली. माझ्या कानशिलांत ऊन चढलं. माझ्या तोंडून निघून गेलं, "मोबाईल तारीख घातली तेच मोजतो. मामांनी खालच्या ओळीची वाचली असंल."

सगळे मामांकडे वळले. रजिस्टर त्यांच्या मांडीवरच होतं, कापडात बांधलेलं. उघडून बघितलं असतं तर जागच्या जागी निकाल लागला असता. कुणी उघडलं नाही. मामांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, पुन्हा घातला.

"असंल बाबा," ते म्हणाले. "डोळ्याचा भरवसा न्हाई राह्यला आता."

चुलतीचा राग तिथंच विरघळला. ती मामांना म्हणाली की तुम्ही व्हते म्हणून वाचली, आणि दुसरा पेढा त्यांना दिला. एकजण म्हणाला, मामा, आता ओळीवर बोट न्हाई, काठी ठेवा. मामाही त्या हसण्यात सामील झाले. दुसऱ्या दिवशी मी मंठ्याला क्लासवर आलो, पाच फेब्रुवारी घालून पाहिली, आणि पाच मिनिटांत मला ती ओळ सापडली. आतल्या दारावरचा एक. पहिल्या दिवशी मी जे बोललो त्याला चूक म्हणता येईल. दुसऱ्या दिवशी सकाळी अकरापासून ते खोटं होतं.

मी ओळ दुरुस्त केली आणि गप्प बसलो. पुढच्या शनिवारी सगळ्यांच्या मोबाईलमध्ये नवा प्रोग्राम घातला, म्हणालो की जरा वेगानं चालेल. तो खरंच चांगला चालला. धावड्याच्या एका पाहुण्यानं तो त्याच्या गावीही नेला. नंतर याच कामाच्या जोरावर मला औरंगाबादला नोकरी मिळाली. मुलाखतीत मी म्हशीची गोष्ट सांगितली, शून्याव्या महिन्याचीही सांगितली, सगळे पोट धरून हसले. चुलतीची म्हैस तेवढी सांगितली नाही. ती वगार पुढं चार वेतं व्याली, आणि दर वेतानंतर चुलती माझ्यासाठी खरवस पाठवायची, मी तो आवडीनं खायचो. खोटं बोलून खाल्लेला खरवस कडू लागतो असं म्हणायला बरं वाटतं, पण तो गोडच लागायचा.

मामांचं मात्र बदललं. त्यांनी पेरांवर मोजणं सोडलं. कुणी विचारायला आलं की रजिस्टर त्याच्याकडे फिरवून म्हणायचे, "तूच वाच, माझं काय खरं न्हाई." मी असलो की मला वाचायला लावायचे. मी वाचायचो. एकदा मी नसताना एका बाईला वाचता येत नव्हतं, तर ते तिला घेऊन शाळेत मास्तरांकडे गेले होते, म्हणे. लिहिलेलं त्यांचंच, स्वच्छ, टपोरं अक्षर. आणि डोळे? ते निवृत्त झाल्यावर मोतीबिंदू आहे का बघायला लेकानं जालन्याला नेलं होतं. डॉक्टर म्हणाले, या वयाला नजर चांगली आहे, आहे तोच चष्मा चालेल. हे मला त्यांच्या लेकानं सहज सांगितलं, आणि सहजच पुढं म्हणाला, तरी बापू एकबी तारीख वाचत न्हाईत, वीजबिल आलं तरी मला देतात.

मामा आता वाटूरला लेकाकडे असतात. ऐंशीच्या पुढं गेले आहेत. मी दर दिवाळीला भेटतो, पाया पडतो, ते मला मास्तर म्हणतात, मोबाईलचं कौतुक करतात. मी चहा पिऊन उठतो.

त्यांनी त्या दिवशी तारीख बरोबर वाचली होती. हे मला त्यांना समोर बसून सांगायचं आहे, आणि दवाखान्यासमोर तेव्हा जे होते त्यांतल्या उरलेल्यांनाही. एवढं माझ्याकडं त्यांचं राहिलेलं आहे, आणि ते मी अजून दिलेलं नाही.