मावशीचा आवाज आणि मेव्हण्याची काटकसर

मावशीच्या घशाचं ऑपरेशन ठरलं तेव्हा डॉक्टरांनी सरळ सांगितलं, जीव वाचेल, आवाज राहणार नाही. माझी ही मावशी उदगीरच्या विहारात स्वतः रचलेली भीमगीतं गायची. एकही गाणं कुणी लिहून ठेवलेलं नव्हतं. लातुरात मी लग्नाचे व्हिडिओ काढतो, म्हणून ती गाणी टिपायचं काम माझ्याकडेच आलं. ऑपरेशनच्या चार दिवस आधी नांदेडहून मेव्हण्याला कॅमेऱ्यावर बोलावलं आणि आवाजाचा वेगळा रेकॉर्डर मी सांभाळला.

दोन्ही यंत्रांत टाइमकोड असतो, म्हणजे आत चालणारं एक घड्याळ. सुरुवातीला वायर जोडून दोन्ही घड्याळं मिळवली की नंतर चित्र आणि आवाज आपोआप जुळतात. अट एकच, मधे घड्याळ थांबता कामा नये. मी ते लावून दिलं आणि वर ऐटीत म्हणालो, जुळवणीसाठी टाळी वाजवून खूण करायचे दिवस गेले.

ऑपरेशनच्या धावपळीत फायली तशाच राहिल्या. ऑपरेशननंतरच्या तपासण्यांसाठी मावशी आमच्याच घरी राहिली, तेव्हा कुठे कॉम्प्युटर उघडला. काहीच जुळेना. मावशीचे ओठ बंद आणि गाणं चालू. दोन दिवस रेकॉर्डरला शिव्या घालून झाल्यावर मेव्हण्याला फोन लावला.

"दाजी, क्यामेरा थांबवला तरी आकडे पळूनच राहिले होते," तो म्हणाला. "ब्याटरी खाईल म्हणून सेटिंग बदललं. मग शूटिंग चालू असलं तरच पळायले."

"आणि कॅमेऱ्याचा माइक? त्यातल्या आवाजावरून तरी जुळवता आलं असतं."

"त्यो मी कायमच बंद ठेवतो. लग्नात डीजेनं आवाज फाटतो. गाणी तर तुम्ही नंतर टाकताच की."

माझं डोकंच फिरलं. बायकोसमोर तिच्या भावाचा यथेच्छ उद्धार केला, मग ती दिवसभर माझ्याशी बोलली नाही. खरा राग माझा मलाच आला होता. त्या दिवशी एकदा तरी कॅमेऱ्याच्या स्क्रीनकडे बघायला काय झालं होतं मला?

आता हाताशी होते एकतीस मुके तुकडे आणि दोन तासांचा सलग आवाज. शेवटी मावशीच शेजारी येऊन बसली. स्वतःचे ओठ बघून ती पाटीवर गाण्याचे पहिले शब्द लिहायची आणि मी ते आवाजात शोधायचो. चार दिवस हेच चाललं. माझी चिडचिड वाढत होती, तिची नव्हती.

एका तुकड्यात ओठ हलत होते, पण गाणं लागेना. "हे कोणतं गं?" मी वैतागून विचारलं. तिनं लिहिलं, गाणं न्हाई, बोलले. मग राहू दे म्हणून मी पुढे जाणार, तोच तिनं माझा हात धरला. अर्धा तास शोधून ती जागा सापडली.

"लेका, सकाळपासून उभाच हायस. दोन घास खाऊन घे की आधी."

त्यावर माझा आवाज, "थांब गं मावशी, मधी बोलू नकोस. रेकॉर्डिंग खराब होतंय."

माझं ते वाक्य तिथल्या तिथे पुसून टाकावंसं वाटलं. मावशी मात्र पुन्हा लाव, पुन्हा लाव, अशी खूण करत राहिली.